सतरा नंबरचं दार

सतरा नंबरचं कासव आमच्या शेडमध्ये परत आलं ते एका मंगळवारी, जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधी. ट्रॅक्टरने ओढत आणलं आणि माझ्या दुरुस्तीच्या खड्ड्यावर उभं केलं. फोरमनकाका माझ्याकडे न बघता म्हणाले, की हे दुसऱ्या कोणाला तरी देतो, तू आज बेडूक घे. मी म्हटलं, दार मी बसवलंय, दार मीच काढणार. त्यांनी कागदावर सही केली आणि निघून गेले. त्या गाडीत अकरा महिन्यांपूर्वी माझा धाकटा भाऊ गुदमरून मेला होता. बरोबरचे चौघेही मेले होते, आणि ती पाचही मरणं माझ्या भावाच्या नावावर लिहिलेली होती.

आमच्या कारखान्यात तीन जातीच्या गाड्या होतात. बेडूक म्हणजे दोन माणसांची, उड्या मारत टेहळणी करणारी. घोरपड कड्याला चिकटून चढते. आणि कासव म्हणजे आठ चाकांचं, दुहेरी पत्र्याचं, पाच शिपाई पोटात घेऊन चालणारं धूड. या गाड्या इथल्या रस्त्यांवर चालवायच्या नसतात. चालवल्या तर रस्ता उरणार नाही. त्या जातात दुसऱ्या ग्रहावर, जिथे आमचं सैन्य गेली चौदा वर्षं खाणींवर पहारा देतंय. पहारा कोणापासून, ते आम्हाला कोणी सांगितलेलं नाही आणि आम्ही विचारलेलंही नाही. ग्रहाला चांगलं लांबलचक नाव आहे, पण शेडमध्ये आम्ही त्याला नुसतं ‘तिकडे’ म्हणतो. ‘वर’ असं कोणी म्हणत नाही. माणूस वर गेला याचा अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे, आणि ज्यांच्या घरचं कोणी गेलंय त्यांच्यासमोर जीभ चावण्यापेक्षा आधीच शब्द टाळलेला बरा.

तिकडे हवा आहे, पण माणसाच्या कामाची नाही. थंडी तर अशी, की उघड्यावर राहिलेला पाना जमिनीवर पडला तर त्याचे दोन तुकडे होतात. म्हणून कासवाला एकच दार असतं, मागच्या अंगाला. जितकी दारं तितकी भोकं, हा साधा हिशेब. त्या एका दाराच्या चौकटीत खाच असते, खाचेत तीन बोटं रुंदीचं रबरी सील बसतं, आणि ते सील बसवणं हे माझं काम. सत्तावीस वर्षं मी तेच केलं.

आमच्या दोन रीती होत्या. कारखान्याचे नियम नव्हेत, आमच्या रीती. पहिली अशी, की सील बसवण्याआधी खाचेत पेन्सिलीने आपली खूण करायची. फोरमनकाका मासा काढायचे. माझी खूण म्हणजे दोन आडव्या रेघा आणि एक टिंब. गाडी काही वर्षांनी परत आली, सील निघालं, की काम कोणाच्या हातचं ते कळतं. सील चांगलं टिकलं असेल तर बाकीचे त्याला चहा पाजतात, आणि फाटलं असेल तर आठवडाभर टोमणे.

दुसरी रीत ग्रीसची. सील कोरडं बसवावं असं परिपत्रक चार वर्षांपूर्वी आलं होतं. ‘यापुढे दारांच्या सीलवर कोणतंही वंगण लावू नये.’ खाली सही, शिक्का. का लावू नये, ते लिहिलेलं नव्हतं. आम्ही ते वाचलं, भिंतीवर चिकटवलं आणि सीलला बोटभर ग्रीस लावत राहिलो. कोरडं रबर कुरकुरतं, चिरतं, त्याच्या सुरकुत्या पडतात, हे आम्ही इतकी वर्षं आमच्या हातांनी बघितलेलं. परिपत्रक लिहिणाऱ्याने जन्मात एक तरी दार बसवलंय का, असं सगळ्यांत मोठ्याने मीच विचारायचे. मला राग लवकर येतो आणि रागात मी बरोबरच असते असं मला वाटतं. डब्यात एक बोट बुडवायचं आणि सीलच्या कडेने फिरवायचं, इतकंच. तपासायला येणाऱ्याला दिसत नाही आणि सील खूश राहतं.

शेडच्या टोकाला एक थंड खोली आहे. तिकडची थंडी तिच्यात तयार करता येते. दर खेपेच्या सीलचा एक तुकडा आम्ही तिथे तपासायला द्यायचो आणि तो तुकडा मात्र कोरडा द्यायचो, कारण परिपत्रकात तसं होतं. तपासायचं एक आणि बसवायचं दुसरं. हे असं लिहून काढलं की कोणाच्याही लक्षात येईल. आमच्या कोणाच्या आलं नाही.

भावाला घरात आणि बाहेर सगळे बारक्या म्हणत. लहानपणी तो काडीसारखा होता. पुढे दाराची चौकट डोक्याला लागेल इतका वाढला, तरी नाव तेच राहिलं. तो माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. आई गेली तेव्हा पाच वर्षांचा होता, आणि वडिलांची फिरतीची नोकरी, म्हणून त्याला मीच वाढवलं. लग्नाचं माझं जमलं नाही ते नाही. त्याचं जमवलं, आणि ती दोघं माझ्याजवळच राहिली. बारक्याला दोन गोष्टी कधी जमल्या नाहीत. एक सकाळी उठणं आणि दुसरी खोटं बोलणं. खोटं बोलायला तोंड उघडलं, की आधी कान लाल व्हायचे. साखरेच्या बरणीला हात लावला नाही म्हणून शपथ घ्यायचा आणि कान असे पेटलेले, की हसू आवरायचं नाही.

त्या बरणीचं झाकण नेहमी अडकायचं. तो वरवंटा घेऊन एकाच जागी दणादण ठोकायचा, आणि एकदा त्याने झाकणाला चांगला पोचा पाडला. तेव्हा मी त्याला समोर बसवून शिकवलं. एका जागी ठोकायचं नाही, कडेकडेने फिरायचं. चार बोटं सोडून एक ठोका. एक फेरी झाली, की पहिल्या ठोक्यांच्या मधल्या जागांवर दुसरी फेरी. अडकलेली वस्तू रागाने सुटत नाही, असं मी त्याला सांगितलं. मी, जिला तो गुण कधी आला नाही. तो मात्र ते पक्कं शिकला. पुढे त्याच्या बायकोच्या सगळ्या बरण्या तोच उघडायचा.

तिकडे जाणारे चालक आपली गाडी ताब्यात घ्यायला शेडमध्ये येतात. बारक्याला चालक म्हणून सतरा नंबर मिळालं हे मला आठवडाभर आधी कळलं होतं. मी त्याचं दार दुसऱ्या कोणाला हात लावू दिलं नाही. खाच तीनदा पुसली, खूण केली, सील बसवलं, आणि एका बोटाऐवजी दोन बोटं भरून ग्रीस लावलं. सगळ्यांना एक, माझ्या भावाला दोन. मायेने हात सढळ झाला, दुसरं काही नाही. तो आला, दारापाशी उभा राहिला, सीलवर बोट फिरवलं आणि सवयीप्रमाणे माझ्याच बाहीला पुसलं.

“नियमात नाही ना हे, ताई?” त्याने हळूच विचारलं.

“तू गाडी चालव. दार माझ्यावर सोड.”

“सोडलं. कुणाला सांगणार नाही.”

मी म्हटलं, तुला लपवायला जमेल तर ना, आधी कान बघ आरशात. तो हसला. त्याला हसताना मी बघितलं ते तेवढंच शेवटचं.

तिकडे पोचल्यावर तिसऱ्या दिवशी ते घडलं. तोवर कासव गरम शेडमध्ये उभं होतं. त्या दिवशी पहिल्यांदाच ते सबंध दिवस उघड्यावर राहिलं. आतला हीटर जळाला आणि गाडीत धूर भरला. बाहेर वीस पावलांवर आसऱ्याची रिकामी चौकी होती. दार उघडून, श्वास रोखून धावले असते तरी पाचही जण वाचले असते. दार उघडलं नाही. मागचे चौघे आधी गेले. चालकाच्या मुखवट्याला वेगळी हवा असते, ती त्याला आणखी पाव तास पुरली. मदतीची गाडी चार तासांनी पोचली, तिने कासव ओढत तळावर नेलं, गरम शेडमध्ये घेतलं, आणि तिथे बाहेरून दांडा ओढताच दार अलगद उघडलं.

चौकशी झाली. तिचा अहवाल वाचून दाखवायला दोन माणसं आमच्या घरी आली. एकाने वाचलं, दुसरा पंख्याकडे बघत बसला. दार निर्दोष होतं. दांडा ‘बंद’वर आढळला. दाराच्या आतल्या बाजूला भीतीपोटी केलेल्या आघातांच्या खुणा होत्या. आणि वायरलेसवर चालकाचे अखेरचे शब्द नोंदलेले होते, ते त्याने आवाज न बदलता वाचले: “दाराला काही झालेलं नाही. दार ठीक आहे. माझाच हात चालत नाहीये.” निष्कर्ष असा, की चालकाचा धीर सुटला. हातात पाव तास असून त्याने दार उघडलं नाही.

कारखान्याच्या फाटकाजवळ काळ्या दगडाचा फलक आहे. तिकडे मेलेल्यांची नावं त्याच्यावर कोरतात. सतरा नंबरची चार नावं कोरली गेली. पाचव्याची जागा नुसती सोडली असती तरी चाललं असतं. पण त्यांनी पुढच्या महिन्यात मेलेल्या, दुसऱ्याच गाडीतल्या माणसाचं नाव तिथे वर सरकवून घेतलं. माझी भावजय आमच्याच कारखान्यात शिलाई विभागात आहे, शिपायांच्या पोशाखांची अस्तरं शिवते. चौघांपैकी एकाची आई तिला फाटकात भेटली आणि शांतपणे एवढंच म्हणाली, की तुझ्या नवऱ्याचा हात जेवायला बसल्यावर चालत होता का. त्या दिवसापासून भावजय मागच्या फाटकाने जायला लागली. पंधरा मिनिटांचा फेरा पडतो.

बाहेर मी भावासाठी भांडले. दोघांशी हातघाईवर आले. घरात मात्र माझ्याकडून जे झालं ते झालं. एकदा भावजय शंभराव्यांदा विचारत होती, की त्याने दार का उघडलं नसेल, का, का. आणि मी कामावरून चिडून आलेली. मी म्हटलं, घाबरला असेल, लहानपणापासून घाबरटच होता तो. तो घाबरट नव्हता. भावजयीने हातातलं ताट खाली ठेवलं आणि ती आत गेली. मी तो शब्द परत घेतला नाही. घ्यायला हवा होता हे त्याच क्षणी कळलं होतं, पण माझी जीभ पुढे जायला शिकलेली, मागे यायला नाही.

तर मंगळवारी ते कासव माझ्यासमोर उभं होतं. मी दांडा ओढला आणि दार एका बोटाने उघडलं. मग मी आत गेले, दार आतून ओढून घेतलं आणि दिवा लावला.

आघातांच्या खुणा म्हणजे मला वाटलं होतं, की दाराच्या मधोमध पत्रा चेपलेला असेल. भ्यालेला माणूस मधोमध मारतो. मधे एकही खूण नव्हती. खुणा कडेने होत्या, सीलला लागून. खालच्या डाव्या कोपऱ्यापासून सुरू झालेल्या, वर चढलेल्या, माथ्यावरून पलीकडे उतरलेल्या आणि तळाने परत आलेल्या. मी बोटं लावून बघितली. चार बोटं, ठोका. चार बोटं, ठोका. एक फेरी पुरी होती. तिच्या मधल्या जागांवर दुसरी फेरी सुरू झालेली होती. ती वरच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत होती, आणि त्यातले शेवटचे तीन ठोके म्हणजे नुसते ओरखडे. पुढे काही नव्हतं.

धुरात, अंधारात, चौघं मेलेली असताना तो एका जागी ठोकत बसला नव्हता. मी शिकवलं होतं तसं कडेकडेने फिरत होता. दांडा ओढायचा, दार हललं नाही की परत ‘बंद’वर आणायचा, ठोकायचं, पुन्हा ओढायचा, म्हणून तो ‘बंद’वर सापडला. चौकशी करणाऱ्यांनी या खुणा मोजल्या असतील, फोटो काढले असतील. पण त्यांच्यातल्या कोणी कधी अडकलेलं दार सोडवलेलं नव्हतं. मी त्या पत्र्याला कपाळ टेकून किती वेळ बसले, मला सांगता येणार नाही.

मग मी सील काढलं. खाली माझ्या दोन रेघा आणि टिंब, आणि त्यांच्यावर, कडेकडेने, पिवळसर, लोण्यासारखं मऊ ग्रीस. भरपूर. दोन बोटं.

तेव्हा मला शंका आली. ती आली तिथेच मी तिला गाडून टाकू शकत होते. खोटं कशाला सांगू, हातात फडकं घेतलंही होतं. खाच पुसायची, नवं सील बसवायचं, रोजचंच काम. फडकं घेऊन मी उभी राहिले आणि त्या ओरखड्यांकडे बघत राहिले. मग फडकं खिशात कोंबलं आणि फोरमनकाकांना बोलावलं.

तपासणीसाठी हातभर मापाच्या चौकटी असतात. आम्ही तीन घेतल्या. एका चौकटीत कोरडं सील, एकीत एक बोट ग्रीस लावलेलं, एकीत दोन बोटं. तिन्ही थंड खोलीत ठेवल्या आणि दुसऱ्या दिवशी दुपारी, जाड हातमोजे घालून, दोघं आत गेलो. कोरडी चौकट ढकलताच उघडली. एका बोटाच्या चौकटीला मला खांदा लावावा लागला. दोन बोटांची उघडलीच नाही, थंडीत ग्रीस गोठून दगड झालं होतं. फोरमनकाकांनी तिला लाथ घातली, मग पहार घातली, पहार वाकली. बाहेर आणून बाकावर ठेवली, आणि अर्ध्या तासाने ती आपोआप सुटून पडली.

फोरमनकाका खाली बसले. त्यांना निवृत्तीला सात महिने होते. त्यांनीच मला एक बोट शिकवलं होतं.

“खाच पुसून टाक,” ते म्हणाले. “झाकली मूठ सव्वा लाखाची. तो काही परत येणार आहे का?”

मी म्हटलं, चाळीस कासवं आहेत तिकडे, सगळ्यांना आपल्या हातचं एक एक बोट लागलंय. ते म्हणाले, एक बोट ग्रीस असलं तरी उघडतंय ना. उघडतंय, खांदा लावून. धुरात खोकणाऱ्याला कुठून आणायचा खांदा, असं मी विचारलं. त्यांनी वाकलेली पहार भिंतीला टेकवून ठेवली. मग म्हणाले, की तू बोललीस तर नुसती तू जाणार नाहीस, सगळी शेड जाईल, आणि तुझ्या भावजयीला काय सांगशील? मी हातमोजे काढले आणि अर्धी पाळी टाकून घरी गेले.

भावजयीची त्या दिवशी सुट्टी होती. ती पलंगावर धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. मी चपला न काढताच समोरच्या खुर्चीत बसले. आधी खुणांचं सांगितलं. दाराच्या मधे एकही नाही, सगळ्या कडेने, चार चार बोटांवर.

तिचे हात थांबले. “खाली डावीकडून सुरू?” तिने विचारलं.

“हो.”

“बरण्या तो तशाच उघडायचा.” तिने पलंगाच्या कडेवर बोटाने चार वेळा टकटक केलं, चार बोटं सोडून. “मग तो घाबरला नव्हता.”

मी म्हटलं, नव्हता, आणि मी तेव्हा बोलले ते नीचपणाचं बोलले. तिने मान हलवली. तिचे डोळे भरले होते आणि चेहरा अकरा महिन्यांत पहिल्यांदा सैल झाला होता. तो तसाच राहू द्यावा असं मला फार वाटलं. पण मी दुसरं सांगितलं. एक बोट, दोन बोटं, परिपत्रक, थंड खोली, वाकलेली पहार. मी सांगत गेले तशी ती मांडीवरच्या सदऱ्याची घडी मोडत गेली, पुन्हा घालत गेली.

मग ती म्हणाली, “त्याला माहीत होतं? ग्रीसचं?”

“बोट फिरवून बघितलं होतं त्याने.”

“म्हणजे दार उघडेना तेव्हा त्याला कळलं असणार, का ते.”

“कळलं असणार. तो चालक होता, त्याला गाडी कळायची.”

“मग वायरलेसवर तो असं का बोलला? दार ठीक आहे म्हणून?”

धुराने डोकं चालत नसेल, असं म्हणायला मी तोंड उघडलं, आणि मिटलं. ज्याने चार चार बोटं सोडून फेऱ्या मारल्या त्याचं डोकं चालत होतं. मला शेडमधलं त्याचं बोलणं आठवलं, माझ्या बाहीला पुसलेलं बोट आठवलं. कुणाला सांगणार नाही. मी खुर्चीचा हात घट्ट धरला. भावजय माझ्याकडे बघत होती, आणि माझ्या तोंडावरच तिला उत्तर मिळालं.

ती उठून आत गेली. नळ सुरू झाल्याचा आवाज आला, मग बंद झाल्याचा. ती परत आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं.

“मला वर्षभर वाटायचं, ताई, की शेवटी माझ्यासाठी त्याला एक शब्द सुचला नाही,” ती म्हणाली. “सुचत होते त्याला. पण होते तेवढे तुमच्यासाठी वापरले.”

तिने घड्या घातलेले कपडे कपाटात ठेवले, कपाट लावलं आणि माझ्याकडे पाठ करूनच म्हणाली, की उद्या जाऊन सांगा; तुम्ही सांगितलं नाहीत तर मी सांगेन.

मी सांगितलं. चौकशी अधिकारी एक तरुण बाई होत्या, फार सभ्य. त्यांनी चौकटी बघितल्या, खाचेतली माझी खूण बघितली, ठोक्यांच्या खुणांवर माझी बोटं ठेवून फोटो घेतला. फोरमनकाका न बोलावता आले आणि म्हणाले, की बोट मी शिकवलंय, माझंही लिहा. मग बाईंनी जुना अहवाल उघडला आणि वायरलेसच्या ओळीवर पेन्सिल ठेवली.

“चालक स्वतः म्हणतो, दार ठीक आहे. मग तो खोटं बोलला असं तुमचं म्हणणं?”

“हो.”

“कशावरून?”

मी त्यांना सांगितलं, की त्याला खोटं बोलायला कधी जमलं नाही, कान लाल व्हायचे, कोणीही ओळखायचं. वायरलेसवर कान दिसत नाहीत. जन्मात त्याचं एवढं एकच खोटं खपलं, आणि ते ऐकून मी, त्याची बहीण, त्याला घाबरट म्हणाले. त्या विचारत होत्या, की यातलं नेमकं काय लिहून घेऊ. मी म्हटलं, सगळं लिहा.

चाळीस कासवांची दारं पुसून कोरडी केली गेली. आता परिपत्रकाखाली कारणही छापलेलं असतं. शेड गेली नाही; फोरमनकाका सात महिने आधीच घरी बसले, आणि मला दारांवरून काढून भांडारात टाकलं, जिथे मी नटबोल्ट मोजून देते. शिक्षा याहून मोठी व्हायला हवी होती असं मला वाटतं, पण ती देणारा कोणी नाही. फलकावर पाचवं नाव कोरलं. मागे जागा उरली नव्हती म्हणून ते अगदी तळाला, बाकीच्या चौघांपासून दूर आहे. भावजय पुढच्या फाटकाने जायला लागली. त्या चौघांपैकी एकाची ती आई एकदा तिच्याशेजारी येऊन उभी राहिली आणि दोघी फलकावरच्या आपापल्या माणसाच्या नावाकडे बघत राहिल्या, असं मला दुसऱ्यांकडून कळलं. भावजय माझ्याशी कामापुरतं बोलायची. दूध आलंय, दार लावून घ्या, एवढंच. मला ताई म्हणणं तिने सोडलं होतं.

परवा रविवारी सकाळी ती स्वयंपाकघरात चहा करत होती. तिने साखरेची बरणी आणून माझ्यापुढे टेबलावर ठेवली, शेजारी एक चमचा ठेवला. झाकण अडकलं होतं. मी चमचा उलटा धरला आणि कडेने ठोकायला लागले, चार बोटं सोडून, सावकाश. पहिली फेरी झाली. झाकण हललं नाही. मी मधल्या जागांवर दुसरी फेरी सुरू केली, आणि ती अर्ध्यावर आली तिथे माझा हात थांबला. पुढचा ठोका माझ्याच्याने मारवेना.

भावजयीने गॅस बारीक केला. माझ्या हातातून चमचा घेतला, उरलेल्या जागा बोटांनी मोजल्या आणि ती फेरी पुरी केली. मग झाकण सुटलं.